हात लावू नकात

मालवण, ७ जानेवारी

भाई,

वर 'तीर्थरूप' लिहायला घेतलं होतं, पण हात अडला. कावेरीच्या फोनवरून केलं तरी तू उचलत नाहीस. मेसेजला निळ्या खुणा येतात, उत्तर येत नाही. म्हणून हे पोस्टाने. पाकिटावरचं अक्षर बघूनच तुला कळेल की भाऊ जिवंत आहे. डाव्या हाताचं इतकं वाकडं अक्षर आपल्या घराण्यात दुसऱ्या कुणाचं नाही.

जिवंत आहे हे मुद्दाम सांगावं लागतंय, कारण तू बघायला थांबला नाहीस. जत्रेत मी देवळापुढे पडलो, मला गोव्याच्या हॉस्पिटलात नेलं, तेव्हा तू बाहेरच्या बाकावर बसून होतास म्हणे. पाणीसुद्धा घेत नव्हतास, असं कावेरी सांगते. आणि मी डोळे उघडल्याचं कळलं तसा उठलास, घरी आलास, सोनलची बॅग भरलीस आणि तिला घेऊन पनवेलला लेकाकडे, मिहीरकडे निघून गेलास. भाऊ मरेपर्यंत थांबायची तयारी होती, जगला म्हटल्यावर पळालास. ही कुठली तऱ्हा?

जाताना मागे काय पेरून गेलास ते आता मला कळतंय. रोज कोणीतरी शहाळी घेऊन येतं, माझ्या छातीकडे बघतं आणि हळूच म्हणतं, "नशीब तुझा. पोरीन मशीन जाळल्यान म्हणतत." पहिल्यांदा मला कळेचना. पोरगी कोण, जाळलं काय? मग खाजेवाला कौस्तुभ आला, त्याने सांगितलं. तू गावभर सांगितलंस की सोनलने घाईघाईत भलतीकडे शॉक दिला, त्याने माझा पेसमेकर जळला, आणि म्हणून डॉक्टरांना तो काढून दुसरा बसवावा लागला.

भाई, ती तुझी मुलगी आहे. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. वहिनी गेल्यापासून तिच्या वेण्या कावेरीने घातल्या, म्हणून ती माझीही मुलगी आहे. आणि तिने मला मारलं नाही. ती होती म्हणून मी आज इथे बसून तुला शिव्या देऊ शकतोय.

परवा तिने कावेरीला फोन केला. एवढंच विचारलं, "काकी, काकांचा मशीन माझ्यामुळेच जळला मां?" कावेरी उत्तर देणार तेवढ्यात मागून तुझा आवाज आला आणि फोन बंद झाला. त्यानंतर लागत नाही. कुडाळहून तिच्या कॉलेजच्या बाई विचारतात, मुलगी कुठे आहे? या महिन्याच्या आत हजर झाली नाही तर परीक्षेला बसू देणार नाहीत. वर्ष जाईल. आणि तिला ओळखतो म्हणून सांगतो, एकदा वर्ष गेलं की ती तिथे परत पाय ठेवणार नाही.

तेव्हा तिला समोर बसव आणि सांग की तिचं बरोबर होतं. एवढंच काम आहे. मला डॉक्टरांनी रागावू नका म्हणून सांगितलंय आणि कावेरी दारात उभी राहून मी किती जोरात लिहितोय ते बघतेय.

सुशांत


मालवण, १२ जानेवारी

भाई,

काल मी व्हिडिओ बघितला. ओमकार जत्रा यूट्यूबवर दाखवतो हे मला माहीत होतं, फ्लेक्सवर त्याच्या चॅनलचं नाव मीच छापलं होतं. कावेरीने इतके दिवस माझा फोन तांदळाच्या डब्यामागे ठेवला होता. काल ती बाजारात गेली तेव्हा सापडला.

मी त्यात नीटसा दिसत नाही. माणसांच्या पायांमधून माझे पाय दिसतात. तुझा आवाज मात्र स्वच्छ येतो, कारण माईक तुझ्या हातात होता. दरवर्षी असतो. ओटीची रांग उजवीकडून धरा, वाटेतली पांढरी गाडी काढा, हरवलेली चप्पल समितीच्या टेबलावर आहे. मग गलका होतो. कौस्तुभ खाज्याचा ठेला तसाच टाकून धावत येतो, माझ्या छातीवर दाब द्यायला बसतो. आणि कावेरी तुझ्याकडे बघून ओरडते, "भावोजी, मशीन! मशीन!"

तिला कुठलं मशीन हवं होतं? सभामंडपाच्या भिंतीवरचं. मुंबईच्या मंडळाने दिलेलं, हृदय बंद पडलं तर छातीला पॅड चिकटवून शॉक द्यायचं. त्याला हार घालून नारळ तूच फोडला होतास. तू माईकवरून सांगशील, जवळचा कोणी धावत आणेल, म्हणून ती तुला हाक मारत होती.

आणि तू काय ऐकलंस? माझ्या छातीतलं मशीन. आपल्या घरात पेसमेकरला कोणी पेसमेकर म्हणालंच नाही कधी. मशीन बसवलं, मशीन तपासायला जायचंय, मशीनला जपा. दोन्ही वस्तूंना आपण एकच नाव ठेवलं, आणि त्याची किंमत मी जमिनीवर पडून दिली.

तू माईक तोंडाशी धरलास आणि म्हणालास, "सुशांताक मशीन आसा! कोणी हात लावू नकात! शॉक लागतलो!"

सगळी माणसं मागे सरली. देवळापुढे, भर जत्रेत. कौस्तुभचे हात वर उचलले गेले. कावेरीसुद्धा उभी राहिली. मघाशी माणसांच्या पायांत हरवलेले माझे पाय आता एकटे स्पष्ट दिसतात, चप्पल निघालेले. ते मी पुन्हा पुन्हा बघितलं. भाई, तुझ्या शब्दाला गावात केवढा मान आहे ते मला त्या व्हिडिओत कळलं, आणि त्या मानाचा मला अतोनात संताप आला.

मग सोनल येते. ओटीचं ताट कुठे टाकलं देव जाणे, हातात भिंतीवरचं मशीन आहे. येता येता ओरडते, "कौस्तुभदादा, दाबीत ऱ्हवा! काय शॉकबिक लागणा नाय!" तो पुन्हा बसतो. आणि तू तिचं मनगट धरतोस. माईक तुझ्या दुसऱ्या हातात चालूच आहे, त्यामुळे सगळं ऐकू येतं.

"अगो, त्येच्या आत मशीन आसा! शॉक दिलंस तर फुटतला!"

"बाबा, माका म्हायत आसा. बाजूक व्हा."

"पॅडवरचा चित्र बघ! चित्रात पॅड खंय दाखवलेलो आसा? थयच त्येचा मशीन आसा!"

"म्हणानच थय लावणंय नाय!"

आणि तिने तुझा हात झिडकारला. ते मी तीनदा मागे नेऊन बघितलं, खोटं कशाला सांगू. मग कौस्तुभला म्हणाली, "काकांका जरा कुशीर करा." एक पॅड पाठीला लावला, एक पुढे डाव्या बाजूला. मशीन इंग्रजीत काहीतरी बोललं आणि ती ओरडली, "आता कोणी हात लावू नकात!"

तुझंच वाक्य. फक्त ते त्या एका क्षणापुरतं बोलायचं असतं, शॉक देताना. माझे पाय उडाले. लगेच ती, "दाबा! थांबू नकात!" आणि कौस्तुभ दाबतोय, आणि तू माईक खाली सोडून उभा आहेस.

मिहीरला सांग, टीव्हीवर मोठा करून लाव. आणि सोनलला शेजारी बसव.

सुशांत


मालवण, १८ जानेवारी

भाई,

तुझा मेसेज मिळाला. "तब्येत सांभाळ. झाला ता उकरू नको." वा. एवढं लिहायला तुला माझी दोन पत्रं लागली.

मी उकरणार. चित्राचं प्रकरण तू अजून लोकांना सांगतोस, काल आत्येच्या घरून फोन होता. पॅडवर चित्र छापलेलं असताना पोरीने चित्राप्रमाणे लावलं नाही, असं तू सांगतोस. ऐकणाऱ्याला पटतंही. छापलेलं म्हणजे खरं. मी छापखानेवाला आहे, मला विचार छापलेल्यात किती खरं असतं. तुझ्या फ्लेक्सवरचा फोटो वीस वर्षांपूर्वीचा आहे.

तर ऐक. मी स्वतः डॉक्टरांना विचारलं. चित्र सर्वसाधारण माणसासाठी असतं. त्यात एक पॅड उजव्या खांद्याच्या हाडाखाली दाखवलेला असतो. बहुतेकांचा पेसमेकर डाव्या बाजूला असतो, त्यामुळे चित्राप्रमाणे लावलं तरी अडत नाही. मी डावखुरा म्हणून माझा उजवीकडे बसवला होता. बरोबर चित्रातल्या जागी. तिथे कातडीखाली साबणाच्या वडीएवढा उंचवटा होता, तो तिने हाताने चाचपला आणि पॅड तिथे लावला नाही. आत मशीन असलेल्या माणसाला शॉक देता येतो. द्यायलाच हवा. फक्त त्या उंचवट्यावर पॅड चिकटवायचा नाही, चार बोटं तरी लांब ठेवायचा, नाहीतर पुढून-मागून लावायचा. आणि जागा शोधत वेळ घालवायचा नाही. डॉक्टर म्हणाले, "ज्याने कुणी हे केलं त्याला माझा नमस्कार सांगा." मी सांगितलं, पुतणीने केलं. ते म्हणाले, "मग पेढे द्या." पेढे कुणाला देऊ? पुतणी पनवेलला कोंडून ठेवलेली.

आणि जळालं म्हणतोस ना? शॉकनंतर पेसमेकर तपासावाच लागतो. मी बेशुद्ध असतानाच हॉस्पिटलातल्या मुलीने बशीसारखं काहीतरी माझ्या छातीवर ठेवलं आणि पडद्यावरचं सगळं कावेरीला वाचून दाखवलं. पेसमेकर नीट चालू होता. तो बदलला, कारण त्याचं काम फक्त मंद ठोक्यांना धक्का देण्याचं. माझं हृदय त्या दिवशी मंद झालं नव्हतं, भलतंच थरथरत सुटलं होतं. आता बसवलंय ते तसं झालं तर आतूनच शॉक देतं. म्हणून बदललं. हे सगळं तू बाकावर बसला होतास तेव्हा कावेरीने तुला सांगितलं होतं. तुला ठाऊक होतं, भाई. ठाऊक असून तू पोरीला दुसरं सांगितलंस.

हे मला सहन होत नाही. माईकवर चुकलास, ते मी समजू शकतो. पण हे तू बाकावर बसून, सगळं ऐकून, शुद्धीत केलंस.

सुशांत


मालवण, २२ जानेवारी

भाई,

काल तू कावेरीला फोन केलास आणि मी घरात आहे का ते आधी विचारलंस. मी होतो. आतल्या खोलीत, दार उघडं. तिने स्पीकर लावला होता हे आता सांगून टाकतो.

तू तिला सत्यवानची गोष्ट सांगितलीस. मला ती पाठ आहे. तू वीजखात्यात लाइनमन होतास. सत्यवान खांबाखाली तारेला चिकटला, त्याला ओढायला एकजण धावला आणि तोही गेला. त्या दिवसापासून कुणी पडलं की तुझ्या तोंडून पहिलं वाक्य तेच निघतं. हात लावू नकात. त्या वाक्याने तू पुढे माणसं वाचवलीस, खात्याने तुझा सत्कार केला, त्याला मी नवा सदरा घालून आलो होतो. मला पेसमेकर बसवल्यापासून तू मला मिक्सरजवळ उभं राहू दिलं नाहीस, इन्व्हर्टरच्या खोलीला कुलूप लावलंस. माझ्यावर तुझी माया आहे हे मला कुणी सांगायला नको.

कावेरी रडली ते ऐकून. मी नाही रडलो. मला आणखी राग आला.

कारण त्यानंतर तू म्हणालास, "कावेरी, पोरगी बरोबर होती असा म्हटला, तर मगे मी काय केलंय?"

आलं शेवटी तोंडातून. तू काय केलंस ते मी सांगतो. तू मला जवळजवळ मारलंस. चुकून, मायेने, पण मारलंस. ते ओझं तुला उचलेना, म्हणून तू ते पोरीच्या डोक्यावर ठेवलंस. ती लहान आहे, बापाचं ऐकते, गप्प बसते, म्हणून तिच्या. आणि ती ते घेऊन त्या पनवेलच्या खोलीत बसली आहे, आणि मिहीरची बायको सांगते की ती जेवताना ताटाकडे नुसती बघत राहते.

तू माझ्याकडे आला असतास तर मी तुला शिव्या घातल्या असत्या, मग कावेरीने आपल्या दोघांना सोलकढी दिली असती आणि ते तिथेच संपलं असतं. मी माफ केलं असतं रे. आजही करीन. पण सोनलला सांगितल्याशिवाय नाही. माझी माफी तिच्या वाटणीतून मी देणार नाही.

महिना संपत आलाय.

सुशांत


मालवण, ३० जानेवारी

भाई,

सोनल इथे आहे. काळजीत असशील म्हणून पहिल्या ओळीत लिहिलं, नाहीतर तुझी तेवढीही लायकी नाही.

काल सकाळी अंगणात रिक्षा थांबली. ती उतरली, बॅग पडवीत ठेवली आणि कावेरीशी बोलायच्याही आधी मला म्हणाली, "काका, सदरो काढा." मी काढला. तिने जखमेची जागा बघितली, मग मला वळवून पाठ बघितली. तिथे पॅडचा लालसर डाग अजून थोडा आहे. त्यावर तळवा ठेवला. मग म्हणाली, "बरोबरच लावलंय मी."

मी म्हटलं, बाय, तेच तर मी तुझ्या बापाला महिनाभर ओरडून सांगतोय. एकामागून एक पत्रं लिहिली.

तशी ती जी भडकली! तुझी मुलगी शोभते. माझ्यावर भडकली, माझ्यावर! "सगळी पत्रां माका गावली, काका. बाबांच्या उशाखाली होती. सगळी वाचलंय. बाबांका इतकी पत्रां लिवलात, माका एक तरी लिवलात? मी त्याच घरात होतंय. पाकिटार माझा नाव घालूक काय झाला होता? तुमी दोघा भाव भांडत ऱ्हवलात आणि माका कोणी इचारूकच नाय!"

कावेरी माझ्याकडे बघत होती, तिच्याकडून मदत नव्हती. मी पनवेलच्या पत्त्यावर तुझंच नाव घालत राहिलो. तुला नमवायचं होतं मला. पोरीला एक ओळ लिहिली असती तर ती तेव्हाच उठून आली असती. हे सुचलं नाही याची मला शरम वाटते, आणि तो राग काल दिवसभर माझा मलाच पुरला.

तुझ्याबद्दल तिने फार सांगितलं नाही. निघताना तू दारात उभा होतास आणि "जाव नको" एवढंच म्हणालास. ती थांबून राहिली, तू आणखी काही बोलशील म्हणून. तू बोलला नाहीस. हे सांगताना ती भाताच्या पातेल्याकडे बघत होती. मग तिने भात वाढून घेतला आणि दोनदा जेवली.

आज आम्ही तिघं कुडाळला गेलो. कॉलेजच्या बाई चांगल्या आहेत, पण नियम म्हणजे नियम. इतके दिवस गैरहजर राहिलेल्या मुलीला परत घ्यायचं तर पालकाने समोर येऊन लिहून द्यावं लागतं. बाईंनी विचारलं, वडील कुठे आहेत? सोनल खाली बघायला लागली. मी म्हटलं, मी आहे. त्यांनी विचारलं, तुम्ही कोण? मी सांगितलं, जत्रेत हिने ज्याला जिवंत केलं तो मी. बाईंनी कागद पुढे सरकवला.

तिथे 'पालकाचे नाव' असं छापलेलं आहे. त्यापुढे मी डाव्या हाताने माझं नाव लिहिलंय. तुझं नाही. सोनलने बघितलं, आणि नको म्हणाली नाही.

ते खोडून तुझं लावायचं असेल तर कुडाळला यावं लागेल. पण कॉलेजात नंतर जा. उद्यापासून ती कॉलेजच्या हॉस्टेलवर असेल; आधी तिथे जा, तिला खाली बोलाव, आणि पनवेलच्या दारात जे बोलला नाहीस ते बोल.

तुझा भाऊ,
सुशांत